ट्रॅक्टरची जुनी रिम, वाड्याच्या विटा आणि अंगणातली शेकोटी

शेकोटीला तीन दगड आणि मूठभर काटक्या पुरतात, हे खरंच आहे. पण रोज त्याच जागी जाळ होऊ लागला की राख अंगणभर पसरते, वाऱ्याच्या झुळकीबरोबर ठिणग्या उडतात आणि लहान मुलं किती जवळ जातील याची हद्द राहत नाही. पक्का, गोल, विटांचा खड्डा बांधला तर हे तिन्ही प्रश्न सुटतात. त्यासाठी नवं सामान आणायची गरज नसते. पाडलेल्या घराच्या विटा, भंगारातली ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची रिम, ओढ्याकडेचा मुरूम आणि चाळलेली लाल माती एवढ्यावर काम होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशा बांधकामात जे काही बिघडतं, त्यातल्या बहुतेक बिघाडांच्या मुळाशी पाणी असतं. दगडात मुरलेलं पाणी, ओल्या सांध्यातलं पाणी, पावसात खड्ड्यात साचलेलं पाणी. आगीला तोंड द्यायला भाजलेली वीट समर्थ आहे, कारण ती भट्टीत याहून जास्त तापून आलेली असते. त्यामुळे सामान निवडताना आणि बांधताना प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं: यात पाणी कुठे अडकेल?

काय घ्यावं, काय घेऊ नये

विटा जुन्या वाड्याच्या, चुन्यात बांधलेल्या मिळाल्या तर सर्वांत उत्तम. चुना हातोडीच्या हलक्या ठोक्याने सुटतो आणि वीट अखंड राहते. सिमेंटमधल्या विटा सोडवताना चारातली एक तरी फुटतेच, शिवाय चिकटून राहिलेलं सिमेंट पुढे तापून उडतं. दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर वीट पक्की भाजलेली आहे. बद्द आवाज आला तर ती कच्ची किंवा आतून तडकलेली आहे. नखाने ओरखडा उमटला तरी ती बाजूला काढा. शंका असेल तर कोरडी वीट वजन करून एक दिवस पाण्यात बुडवा आणि पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर ती वीट बैठकीच्या भरावात टाका, भिंतीत नको. लोणा लागलेल्या, म्हणजे पांढरी खारी फुटलेल्या विटांचे पापुद्रे सुटत राहतात, त्याही नकोत.

कोल्हापूर-इचलकरंजीकडे फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून ओतायचे कारखाने आहेत, तिथल्या भंगारात भट्टीच्या पिवळसर विटा कधीकधी मिळतात. बंद पडलेल्या बेकरीच्या भट्टीच्याही मिळतात. तळाला त्या वापरल्या तर सोनंच. मात्र गडद तपकिरी, काळपट, हाताला फार जड लागणाऱ्या भट्टीच्या विटांमध्ये क्रोमियम असू शकतं. त्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी घरी आणू नका.

दगडांविषयी जरा सविस्तर सांगायला हवं, कारण अपघात इथेच होतात. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला सुंदर असतात, पण त्यांच्या बारीक भेगांत पाणी मुरलेलं असतं. ते तापून वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही आणि गोटा बंदुकीच्या गोळीसारखा फुटतो. आपल्याकडचा काळा दगड सगळाच वाईट नाही, पण ज्यात पांढऱ्या स्फटिकांचे ठिपके किंवा पोकळ्या भरलेल्या दिसतात तो आगीजवळ नको; ते स्फटिक स्वतःतच पाणी धरून असतात. शहाबादी फरशी आणि कडप्पा थराथरांचे असतात, तापले की पापुद्रे उडतात. जांभा पाणी पितो. हे सगळे दगड बसायच्या कट्ट्याला वापरा, जाळापासून दूर. सिमेंटचे ब्लॉक, फ्लाय ॲशच्या विटा, पेव्हर ब्लॉक हेही आतल्या बाजूला चालत नाहीत. सिमेंटमध्ये रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी असतं. ३००-४०० अंशांपुढे ते निघून जाऊ लागतं आणि ब्लॉक भुसभुशीत होतो.

आता लोखंड. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची २८ इंची रिम या कामासाठी जणू घडवलेली असते. टायरवर १२.४-२८ किंवा १३.६-२८ असं लिहिलेलं असतं, त्यातला २८ हा रिमचा व्यास. कडांसकट बाहेरून मोजलं तर ती सुमारे ७६ सेंटिमीटर भरते, रुंदी २८ ते ३० सेंटिमीटर. मधली डिस्क बोल्ट काढून वेगळी करता येते आणि हातात नुसतं जाड कडं उरतं. डिस्क बसवायचे आतले कान कापू नका, त्यांच्यावर पुढे भाजायची जाळी टेकते. वजनासाठी टायरमध्ये पाणी भरून चालवलेल्या ट्रॅक्टरच्या रिमा व्हॉल्व्हच्या भोकाजवळ आतून गंजलेल्या असतात, भंगारात येतात त्या बहुधा याच. गंजाने खड्डे पडले असतील तर हरकत नाही, आरपार भोक नको. टोचणीने ठोकून पाहा.

रिमवरचा जुना रंग आधी काढायला हवा. त्यात शिसं असू शकतं, त्यामुळे जाळून काढू नका आणि कोरडा ग्राइंडरही फिरवू नका. पेंट रिमूव्हर लावा, रंग फुगला की खरवडा, मग ओल्या पॉलिश पेपरने घासा. तोंडाला चांगला मास्क हवा. खरवडलेला रंग कागदात गोळा करा, शेतात झटकू नका.

जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही जाळाजवळ नको: जुनी पत्र्याची बादली, पाण्याची टाकी, जी. आय. पाइप, छपराचा पत्रा. चमकदार पृष्ठभागावर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसली की तो जस्त समजा. जस्त ४१९ अंशांना वितळतं, पुढे त्याचा पांढरा धूर होतो आणि तो श्वासातून गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. अलॉय व्हील म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, तोही ६६० अंशांच्या आतच वितळतो. वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम छोट्या शेकोटीला छान असतो, पण वरचं प्लास्टिकचं कडं आणि फ्रंट लोड ड्रमच्या मागचा तीन पायांचा ॲल्युमिनियमचा भाग आधी काढा. तेलाचे बॅरल मात्र घरी कापू नका. रिकाम्या दिसणाऱ्या बॅरलमध्ये वाफ साठलेली असते, ग्राइंडरच्या ठिणगीने स्फोट होऊन माणसं दगावली आहेत. आधीच कापलेलं मिळालं तरी त्याचा पत्रा पातळ असतो, दोन-तीन पावसाळ्यांत चाळण होते.

जागा

घराच्या भिंतीपासून, पडवीच्या छपरापासून निदान ३ मीटर. कडब्याची गंजी, गोठा, वाळलेला ऊस किंवा पाचट असेल तर २० मीटरही कमीच. वर विजेची तार किंवा झाडाची फांदी नको. हिवाळ्यात देशावर वारा बहुतेक उत्तर-पूर्वेकडून येतो, तेव्हा शेकोटी घराच्या नैऋत्येला असली तर धूर घरात शिरत नाही. कोकणात किनाऱ्याजवळ रात्री जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तिथे घराच्या समुद्राकडच्या बाजूला जागा पाहा. तरीही बांधण्याआधी दोन-तीन संध्याकाळी त्या जागी ओला पाला पेटवून धूर कुठे जातो ते बघा. गच्चीच्या स्लॅबवर किंवा सिमेंटच्या अंगणावर थेट बांधू नका, स्लॅब तडकतो.

सामान

- अखंड विटा सुमारे १४० (भिंतीला ७०, तळाला २३, वरच्या कडीला २१, बाकी तुकड्यांना आणि फुटतुटीला)
- ट्रॅक्टरची २८ इंची रिम १
- विटांचे रोडे आणि जाड खडी मिळून ७-८ घनफूट, मुरूम ३-४ घनफूट
- लाल किंवा कुंभाराची माती ३ घमेली, चाळलेली रेती ७-८ घमेली
- थोडा चुना आणि शेण
- खुंटी, सुतळी, पाणसळ (थर समतल आहे का पाहायला), ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का पाहायला), करणी, धुम्मस (चोपायला)

हे माप ९ × ४ १/२ × ३ इंची विटेचं आहे. जुन्या वाड्यांच्या विटा कधी पातळ आणि लहान असतात. मग जमिनीवर रिम ठेवा, भोवती ५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडून विटा मांडून बघा आणि संख्या मोजा. कागदावरच्या हिशोबापेक्षा हे खात्रीचं.

खड्डा आणि पाया

मध्यभागी खुंटी ठोकून ६५ सेंटिमीटरच्या सुतळीने वर्तुळ आखा, म्हणजे व्यास १३० सेंटिमीटर. ३० सेंटिमीटर खोल खणा. मधोमध हातभर खोल आणि वीतभर रुंद असा आणखी एक खळगा करा आणि तो विटांच्या रोड्यांनी भरा. पावसाचं पाणी यातून जिरतं. मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत एवढं पुरतं.

काळ्या मातीत मात्र हा खळगा उलटा त्रास देतो. काळी माती पाणी जिरू देत नाही, खळगा विहिरीसारखा भरून राहतो. शिवाय ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्याबरोबर भिंतही हलते. तिथे ५०-६० सेंटिमीटरपर्यंत माती काढून टाका, मुरूम भरा आणि पूर्ण बांधकाम जमिनीपेक्षा १० सेंटिमीटर उंच घ्या. पाणी बाहेर काढायला भरावाच्या तळातून जुन्या दोन इंची लोखंडी पाइपाचा उतार काढून द्या. इतक्या खाली तो तापत नाही, त्यामुळे इथे जस्ताचा पाइपही चालतो.

खड्ड्यात १२-१५ सेंटिमीटर रोडे आणि खडी पसरून धुम्मसाने चोपा, वर ५-६ सेंटिमीटर मुरूम टाकून पाणी शिंपडत पुन्हा चोपा. पृष्ठभाग जमिनीच्या १० सेंटिमीटर खाली राहिला पाहिजे. चोपण्यात कंजुषी केली तर पहिल्याच पावसाळ्यात एक बाजू खचते आणि भिंत उभी चिरते.

माल

माल म्हणजे विटा जोडायचा चिखल: एक भाग माती, अडीच भाग रेती. माती आदल्या दिवशी भिजत घाला, खडे आणि मुळं काढा. वारुळाची माती मिळाली तर सर्वांत चांगली. काळी माती नको, सुकताना आकसून सांध्यातून सुटते. समुद्राची रेतीही नको, तिच्यातलं मीठ विटांना लोणा लावतं. तयार मालाची सुपारीएवढी गोळी करून उन्हात वाळवा. भेगा पडल्या तर रेती वाढवा, बोटांनी चुरली तर माती वाढवा.

गवंडी सिमेंट घालायचा आग्रह धरतात. त्यांना नाही म्हणा. सिमेंटचा सांधा कडक असतो, वीट तापून वाढली की त्याला लवता येत नाही. मग सांधा तरी सुटतो किंवा वीट तरी फुटते. मातीच्या सांध्याला बारीक चीर गेली तर चुलीसारखं लिंपलं की झालं. पावसात बाहेरचे सांधे धुपू नयेत म्हणून बाहेरच्या अंगाने फक्त दर्जा, म्हणजे सांध्यांची तोंडं, चुन्याच्या भरा, एक भाग चुना आणि तीन भाग रेती. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.

बांधणी

प्रत्येक वीट लावण्याआधी पाण्यात बुडवून काढा, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी शोषते आणि सांधा धरत नाही. हे पाणी पुढे बाहेर काढायचं आहे, त्याकडे नंतर येऊ.

पहिला थर मुरमावर: १२ विटा लांबीने, गोलात, आतले कोपरे एकमेकांना टेकवून. आतून ८६ सेंटिमीटर व्यास मिळतो. बाहेरच्या बाजूला दोन विटांमध्ये पाचरीसारखी फट राहते, टोकाला जवळपास ६ सेंटिमीटरची. ती नुसत्या मातीने भरू नका, तेवढी माती सुकताना हमखास फाटते. विटेचे पाचरी तुकडे ठोकून बसवा. मग आत दोन सेंटिमीटर रेती पसरून तळाच्या २३ विटा मालाशिवाय, नुसत्या चिकटून मांडा आणि फटींत रेती झाडा. तळ सुटाच हवा, म्हणजे पाणी खाली जातं आणि फुटलेली वीट बदलता येते.

दुसरा थर जमिनीच्या वर येतो. त्यात चार दिशांना अर्ध्या विटेएवढी चार भोकं सोडा. ही हवेची वाट. ती सोडली नाहीत तर जाळ धुमसतो, धूर होतो आणि मग लोक लाकडांना दोष देतात.

तिसरा थर लावण्याआधी रिम आत उतरवा. भिंत पूर्ण झाल्यावर ती उचलून घालणं दोन माणसांना जड जातं. चार अर्ध्या विटांवर, हवेच्या भोकांच्या मधोमध, रिम टेकवा. खाली ७ सेंटिमीटर हवा खेळते. रिम आणि भिंत यांच्यात चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर पोकळी ठेवा आणि ती कशानेही भरू नका. ७६ सेंटिमीटरची रिम ४०० अंशांनी तापली की व्यासात साडेतीन मिलिमीटरपर्यंत वाढते. ती भिंतीला चिकटवून बसवली असेल तर हे साडेतीन मिलिमीटर भिंत फाडतात. पहिल्या हिवाळ्यातच उभी चीर गेलेल्या शेकोट्या पाहिल्या तर कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

पुढे सांधेमोड करत, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता, एकूण सहा थर. प्रत्येक थराला पाणसळ आणि ओळंबा लावा, माल एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको. रोज तीनच थर चढवा, ओला माल वरच्या वजनाने दबतो.

शेवटी वरची कडी: २१ विटा आडव्या, केंद्राकडे तोंड करून. आत ५ सेंटिमीटर आणि बाहेर ७ सेंटिमीटर पुढे येतात. आतला पुढावा पोकळीवर झाकण घालतो, बाहेरचा पागोळीचं काम करतो आणि भिंतीवर पाणी ओघळू देत नाही. रिमच्या वरच्या काठाला विटा टेकता कामा नयेत, एक बोट अंतर राहू द्या. बाहेरच्या फटी तुकडे घालून बंद करा. बाहेरून माती, शेण आणि भाताचा कोंडा यांचा पातळ हात फिरवला तर भिंत चुलीसारखी नेटकी दिसते. भोवती पाऊण मीटरचा पट्टा गवत काढून खडीने भरा.

सुकवणं आणि पहिला जाळ

ही पायरी सगळ्यांना नकोशी असते. बांधून झाल्यावर ८ ते १० दिवस सावलीत सुकू द्या, दुपारच्या उन्हात वर पोतं टाका. नंतर पहिल्या दिवशी मूठभर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा अर्धा तास जाळ, दुसऱ्या दिवशी थोडा जास्त, तिसऱ्या दिवशी तासभर. विटांच्या बाहेरच्या अंगावर ओलसर डाग आणि वाफ दिसेल, ते बरोबर आहे. डाग दिसायचे थांबले की मोठी लाकडं लावा. पहिल्याच रात्री पूर्ण जाळ केला तर आतलं पाणी वाफ होऊन विटांचे पापुद्रे उडवतं. पावसाळ्यानंतर दर वर्षी हेच पुन्हा करायचं.

सरपण

बाभूळ, बोर, चिंच यांचं वर्षभर वाळलेलं लाकूड उत्तम. पेटवायला तुराट्या, पऱ्हाट्या, नारळाची सोडणं. जुन्या लाकडी पॅलेटवर एच. टी. असा शिक्का असेल तर ते उष्णतेने प्रक्रिया केलेलं आहे, जाळायला हरकत नाही. एम. बी. असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया केलेली असते, ते नको. प्लायवूड, सनमायका, रंगवलेल्या चौकटी, रेल्वेचे जुने स्लीपरही नकोत. कण्हेर आणि बिट्टी विषारी आहेत. बिब्ब्याच्या धुराने अंगावर फोड येतात, शेराच्या चिकाचा धूर डोळ्यांना झोंबतो. बांधावरची छाटणी सरसकट आत टाकायच्या आधी ती कशाची आहे ते ओळखा.

हुरड्याला मोठा जाळ कामाचा नाही. खोल आगटीत गोवऱ्यांचा विस्तव लागतो. तेव्हा गोवऱ्या लाल होऊन वर पांढरी राख धरेपर्यंत थांबा आणि मग कणसं विस्तवात खुपसा. रायगडकडच्या पोपटीला, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायच्या प्रकाराला, एवढा व्यास पुरतो. भांबुर्ड्याचा (एका रानवनस्पतीचा) पाला लावलेलं मडकं मधोमध पालथं घालून भोवती काटक्यांचा जाळ करता येतो.

विझवणं आणि निगा

तापलेल्या विटांवर आणि रिमवर बादली ओतू नका, विटा तडकतात. निखारे फावड्याने पसरा, फक्त निखाऱ्यांवर पाणी शिंपडत ढवळा, वाफ थांबेपर्यंत. राखेने झाकून ठेवलं म्हणजे विझलं असं समजू नका. चुलीतला विस्तव सकाळपर्यंत राखून ठेवण्याची जुनी रीत नेमकी हीच होती. उरलेले निखारे घमेल्यात घालून खोलीत ऊब घ्यायला कधीही नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद खोलीत झोपलेली माणसं उठत नाहीत.

राख दोन बोटांपेक्षा जास्त साठू देऊ नका, रिमखालची हवा बंद होते. ओली राख लोखंड झपाट्याने खाते, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस आतली सगळी राख काढा, रिम कोरड्या फडक्याने पुसून तिला जळकं तेल नव्हे तर खाण्याचं तेल पातळ लावा आणि वर जुन्या पत्र्याचं झाकण ठेवा. थंड खड्ड्यावर जस्ताचा पत्रा बिनधास्त चालतो. खाली दोन विटा लावून वारा खेळू द्या. काढलेली राख कोकणातल्या आंबट जांभ्याच्या जमिनीत नारळाच्या आळ्यात घालता येते. काळी माती आधीच विम्लधर्मी असते, तिथे ढिगाने टाकू नका. वाल, पावटा साठवायला डब्यात थोडी राख मिसळा.